थेटदर्शी सोनार, मासेमारी नौकेवरील

पाण्यात ध्वनितरंगांचे स्पंद सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून मासे, बुडालेली झाडे, खडक व तळ यांचे हलते चित्र जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर दाखविणाऱ्या लहान सोनार संचाला थेटदर्शी सोनार म्हणतात. साध्या प्रतिध्वनी मत्स्यशोधकात नौकेखालून जे गेले त्याची नोंद पडद्यावर ओळीने उमटत जाते. म्हणजे त्यावरील चित्र हा घडून गेलेल्या गोष्टींचा आलेख असतो. थेटदर्शी सोनारात नौकेच्या पुढील अथवा खालील पाण्याचा एक उभा काप सेकंदाला अनेक वेळा नव्याने रेखाटला जातो. त्यामुळे मासा कोणत्या दिशेने वळला, गळाच्या आमिषाजवळ आला की त्यापासून दूर गेला, हे प्रत्यक्ष पाहता येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सरोवरे व जलाशय यांतील गळाच्या मासेमारीत २०१८ नंतर या साधनाचा झपाट्याने प्रसार झाला.

या संचाची उपयुक्तता त्याच्या किंमतीपेक्षाही तो नौकेवर कसा बसविला आहे व त्याला वीज कशी पुरविली आहे, यांवर अवलंबून असते. परत येणारा प्रतिध्वनी अतिशय क्षीण असतो आणि नौका ही बुडबुडे, कंप, ओलावा व विद्युत् गोंगाट यांनी भरलेली जागा असते. शिवाय ज्या घटमालेवर सोनार चालतो तिच्यावरच एंजिन सुरू होणे वा बिनतारी संदेश पाठविणे अवलंबून असेल, तर वीजपुरवठ्यातील चूक ही केवळ अस्पष्ट चित्राची बाब राहत नाही, तर ती नौकेवरील माणसांच्या सुरक्षिततेची बाब होते.

इतिहास : ध्वनीचा पाण्यातील वेग झां दान्येल कॉलादाँ व शार्ल स्तुर्म यांनी १८२६ मध्ये जिनीव्हा सरोवरात मोजला, तो सेकंदाला १,४३५ मी. आला. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाल्यावर पाण्याखालील अडथळे ध्वनीने शोधण्याच्या प्रयत्नांना वेग आला. जर्मनीत आलेक्झांडर बेम यांनी १९१३ मध्ये प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले, तर १९१४ मध्ये रेजिनल्ड फेसेंडेन यांनी आपल्या आंदोलकाच्या साहाय्याने हिमनगापासून आलेला प्रतिध्वनी ओळखून दाखविला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझव्हँ यांनी क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या दाबविद्युत् गुणधर्माचा उपयोग केला [⟶ दाबविद्युत्, सोनार व सोफार]. मत्स्यशास्त्रात या तंत्राचे महत्त्व प्रस्थापित होण्यास नॉर्वेचे शास्त्रज्ञ ऑस्कर सुंद यांचे कार्य कारणीभूत झाले. लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी-आलेख त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. जपानमध्ये नागासाकी येथे फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये व्यापारी तत्त्वावर वापरता येणारा मत्स्यशोधक तयार केला. ट्रँझिस्टरच्या शोधानंतर संच लहान झाले व १९५०–६० या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हौशी मासेमारांच्या छोट्या नौकांवर घटमालेवर चालणारे सुटसुटीत मत्स्यशोधक येऊ लागले.

या सर्व संचांत ध्वनीचा एकच स्थिर शंकू असे. अनेक घटकांच्या ओळीने शलाका हवी तशी वळविण्याचे तंत्र आधी नौदलांत व वैद्यकीय श्राव्यातीत चित्रणात रूढ झाले. जलद अंकीय संस्करणाची मंडले स्वस्त व लहान झाल्यावर ते मासेमारी नौकेवर आले. गार्मिन कंपनीचा पॅनऑप्टिक्स हा संच २०१५ मध्ये व त्याहून बराच स्पष्ट चित्र देणारा लाइव्हस्कोप २०१८ मध्ये बाजारात आला. त्यापाठोपाठ लोरन्स (२०२०) व हमिंगबर्ड (२०२१) या कंपन्यांचे तशाच प्रकारचे संच उपलब्ध झाले.

तत्त्व : ध्वनीचा वेग गोड्या पाण्यात २०° से. तापमानास सेकंदाला सु. १,४८० मी. व समुद्राच्या पाण्यात सु. १,५०० मी. असतो. स्पंद सोडल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंतचा काळ मोजून त्याच्या निम्म्यास वेगाने गुणले, की अंतर मिळते. ३० मी. अंतरापर्यंतचे पाणी पाहावयाचे असल्यास ध्वनीला जाऊन येऊन ६० मी. प्रवास करावा लागतो व त्यास सु. ०·०४ सेकंद लागतात. म्हणून या पल्ल्यास सेकंदाला सु. २५ पेक्षा अधिक स्पंद एकामागून एक सोडून त्यांचे प्रतिध्वनी वेगळे ओळखता येत नाहीत. पल्ला कमी केला की चित्र अधिक वेळा नवे होते व हालचाल अधिक सलग दिसते.

चित्राची सूक्ष्मता तरंगलांबीवर अवलंबून असते. ५० किहे. (१ किहे. = १,००० हर्ट्‌झ) कंप्रतेच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सु. ३ सेंमी., २०० किहे.ची सु. ७·४ मिमी. व १,००० किहे.ची सु. १·५ मिमी. असते. थेटदर्शी सोनारात यांपैकी उच्च टोकाच्या, म्हणजे अनेक शतक किलोहर्ट्‌झच्या कंप्रता वापरतात. म्हणूनच आमिषासारखी लहान वस्तूही तीत दिसते. मात्र कंप्रता वाढली की पाण्यातील शोषण फार वाढते. १,००० किहे. कंप्रतेच्या ध्वनीचे गोड्या पाण्यातही दर मीटरला सु. ०·२ डेसिबेल क्षीणन होते. ६० मी. अंतरावरील माशापर्यंत जाऊन परत येताना केवळ शोषणामुळे ध्वनिऊर्जा सु. २५० पट घटते व तरंग पसरत गेल्यामुळे होणारी घट याखेरीज असते. सूक्ष्मता व पल्ला यांपैकी एक साधावयाचे तर दुसऱ्याचा काही अंशी त्याग करावा लागतो, तो यामुळेच.

माशाच्या शरीरातील मांसाचे ध्वनिविषयक गुणधर्म पाण्याच्या जवळचे असल्याने त्यापासून थोडाच ध्वनी परत येतो. पोटातील वायूने भरलेला वाताशय मात्र ध्वनीचे जोरदार परावर्तन करतो. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतील बहुतांश भाग या अवयवाचाच असतो. मुशीसारख्या वाताशय नसलेल्या माशांचे प्रतिध्वनी त्या मानाने दुर्बल असतात.

रचना : संचाचे तीन मुख्य भाग असतात : (१) पाण्यात राहणारा ऊर्जापरिवर्तक, (२) संदेश संस्करण पेटी व (३) दर्शक पडदा.

ऊर्जापरिवर्तक विद्युत् स्पंदांचे ध्वनिस्पंदांत व परत आलेल्या ध्वनीचे विद्युत् संदेशांत रूपांतर करतो. त्यात दाबविद्युत् मृत्तिका द्रव्याचे अनेक लहान घटक ओळीने बसविलेले असतात. शेजारच्या घटकांकडून आलेले संदेश ठराविक कालांतराने मागेपुढे करून त्यांची बेरीज केली, की एका विशिष्ट दिशेकडून आलेला ध्वनी बळकट होतो व इतर दिशांचा दबतो. उदा., घटकांमधील अंतर १ मिमी. असल्यास ३०° कोनातून येणारा ध्वनी एका घटकानंतर शेजारच्या घटकाला सु. ०·३४ मायक्रोसेकंदाने उशिरा पोहोचतो. हे कालांतर बदलून ऊर्जापरिवर्तक न हलविता सर्व दिशा पाहता येतात. लाइव्हस्कोपच्या मूळ संचात एका प्रतलात सु. १३५° व त्याला काटकोनात सु. २०° एवढे क्षेत्र दृष्टीत येते. दृष्टीचा हा काप अरुंद असल्याने ऊर्जापरिवर्तक थोडा जरी भलतीकडे वळला, तरी मासा पडद्यावरून नाहीसा होतो.

संस्करण पेटीत स्पंदांची निर्मिती, संदेशांचे विवर्धन व चित्राची जुळणी होते. दूरचे प्रतिध्वनी क्षीण असल्याने काळाबरोबर विवर्धन वाढवीत नेतात. याचा अर्थ असा, की दूरच्या प्रतिध्वनीबरोबर त्या वेळी मंडलात शिरलेला गोंगाटही तितकाच मोठा होऊन पडद्यावर येतो.

ऊर्जापरिवर्तकाची जागा : ऊर्जापरिवर्तकाभोवती बुडबुडे नसलेले, अखंड पाणी असावे लागते. हवेचा पातळ थरही ध्वनीचे जवळजवळ पूर्ण परावर्तन करतो. साध्या मत्स्यशोधकाचा ऊर्जापरिवर्तक वराम्यावर (नौकेच्या मागील टोकाकडील उभ्या फळीवर) बसवितात. पंख्यापासून तो दूर ठेवतात आणि पंख्याची पाती ज्या बाजूस खाली उतरतात ती बाजू पसंत करतात. तळावरील खिळ्यांच्या रांगा, पट्ट्या व पाणी आत घेण्याची छिद्रे यांच्या सरळ मागे येणारी जागा टाळतात, कारण तेथून बुडबुड्यांची रेघ निघते.

थेटदर्शी सोनाराचा ऊर्जापरिवर्तक बहुधा नाळेकडे (नौकेच्या पुढील टोकाकडे) बसवितात. तेथे नौका हळू व आवाज न करता नेण्यासाठी एक विद्युत् चलित्र असते. त्याच्या दांड्यावर ऊर्जापरिवर्तक घट्ट बसविणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. परंतु मग नौका वळविली की दृष्टीही वळते. वाऱ्यात नौका स्थिर ठेवण्यासाठी चलित्र एकसारखे फिरत राहिले, तर पाहावयाचा मासा हातचा जातो. शिवाय चलित्राचा कंप व विद्युत् गोंगाट यांचा उगम अगदी लगत येतो. म्हणून अनेक जण स्वतंत्र उभा दांडा बसवून तो हाताने अथवा पायाने फिरवितात. दांडा पुरेसा जाड असावा लागतो. पाण्याच्या रेट्याने तो थरथरला तर चित्रही थरथरते. नौका वेगाने नेताना तो वर उचलून बांधता आला पाहिजे, अन्यथा तो वाकतो वा ऊर्जापरिवर्तक फुटतो.

ऊर्जापरिवर्तक तळाच्या पातळीखाली राहील इतका खोल असावा, म्हणजे नौकेचे अंग दृष्टीच्या आड येत नाही. पुढे पाहण्यासाठी तो किंचित खाली झुकलेला व सरळ खाली पाहण्यासाठी पूर्णपणे खाली वळविलेला असतो. निर्मात्याने दिलेल्या पकडीवर या स्थितींच्या खुणा असतात. त्याच्या मुखावर शेवाळ, तेल वा मातीचा थर साचू देत नाहीत. त्याची केबल मध्येच कापून जोडणे योग्य नसते. तिच्यात अनेक सूक्ष्म तारा व आवरक जाळी असते व सांधा बिघडल्यास संपूर्ण संच निकामी होतो. उरलेली लांबी सैल वेटोळ्यांत, तीव्र वळण न देता बांधून ठेवतात.

वीजपुरवठा : बहुतेक संच १२ व्होल्ट दिष्ट दाबावर चालतात. दाब सु. १० व्होल्टच्या आसपास उतरला की अनेक संच आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतात. एंजिन सुरू करताना प्रारंभक चलित्र क्षणभर फार मोठा प्रवाह घेते व घटमालेचा दाब या मर्यादेखाली जाऊ शकतो. एंजिन सुरू करताच पडदा काळा होतो, त्याचे नेहमीचे कारण हेच असते. याउलट दिवसभर सोनार चालवून एंजिनाची घटमाला रिती झाली, तर संध्याकाळी एंजिनच सुरू होत नाही. म्हणून सोनारासाठी स्वतंत्र घटमाला ठेवणे हा पहिला नियम होय.

घटमालेची धारकता पुढीलप्रमाणे काढतात. संस्करण पेटी २ अँपिअर व दोन मोठे पडदे प्रत्येकी ३ अँपिअर घेतात असे धरल्यास एकूण प्रवाह ८ अँपिअर होतो. १० तासांच्या फेरीसाठी ८० अँपिअर-तास लागतात. शिसे-अम्ल घटमाला निम्म्याहून अधिक रिती केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेव्हा तिची धारकता १६० अँपिअर-तास असावी लागते. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेतील सु. ८० टक्के वीज निर्धोकपणे वापरता येते व १०० अँपिअर-तासांची घटमाला पुरते. वजनातील फरक याहून मोठा आहे : पहिली सु. ४५ किग्रॅ., तर दुसरी सु. १२ किग्रॅ. भरते. लहान नौकेच्या नाळेवर हा फरक तिच्या तोलावर परिणाम करतो.

दोहोंच्या वर्तनातही भेद आहे. शिसे-अम्ल घटमालेत प्रत्येकी सु. २·१ व्होल्टचे सहा घट असतात. पूर्ण भारित व विश्रांत स्थितीत तिचा दाब सु. १२·७ व्होल्ट, निम्मी रिती झाल्यावर सु. १२·२ व्होल्ट असतो. म्हणजे दाबमापकावरून शिल्लक विजेचा अंदाज येतो. लिथियम-लोह-फॉस्फेट घटमालेत प्रत्येकी ३·२ व्होल्टचे चार घट असून तिचा दाब अखेरपर्यंत १३ व्होल्टच्या जवळपास टिकतो. सोनाराला हे अनुकूल असते, परंतु शेवटी तिच्यातील संरक्षक मंडल वीज एकाएकी तोडते. तिच्यावर दाबमापक फसवा ठरतो. वापरलेले अँपिअर-तास मोजणारा मापक बसवावा लागतो. ही घटमाला ०° से.खाली भारित केल्यास घटांना कायमची इजा होते. तिच्यासाठी योग्य असाच भारक वापरावा लागतो. एंजिनावरील लहान प्रत्यावर्तकाला ती थेट जोडल्यास ती फार मोठा प्रवाह ओढते व प्रत्यावर्तक तापून जळण्याचा संभव असतो; म्हणून मध्ये प्रवाहावर मर्यादा घालणारे मंडल घालतात [⟶ विद्युत् घट].

नाळेवरील चलित्र पुष्कळदा २४ किंवा ३६ व्होल्टवर चालते व त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन किंवा तीन घटमाला एकसरीत जोडलेल्या असतात. त्यांतील एकीवरून सोनाराला १२ व्होल्ट घेण्याचा मोह होतो, पण तो टाळणे आवश्यक असते. तसे केल्यास ती एक घटमाला इतरांपेक्षा अधिक रिती होते, भारण असमान होते आणि चलित्राचा सर्व गोंगाट सोनारात शिरतो.

तारांची निवड : तारेच्या रोधामुळे दाबात घट होते व वीज जाऊन परत यावयाची असल्याने अंतराच्या दुप्पट लांबी हिशेबात धरावी लागते. घटमाला वराम्याजवळ व सोनार नाळेजवळ असल्यास हे अंतर लक्षणीय होते. घटमालेपासून संचापर्यंत ६ मी. अंतर, ८ अँपिअर प्रवाह व तांब्याची तार धरून होणारी घट अशी :

२·५ चौ. मिमी. छेदाची तार – ०·६६ व्होल्ट
४ चौ. मिमी. – ०·४१ व्होल्ट
६ चौ. मिमी. – ०·२८ व्होल्ट
१० चौ. मिमी. – ०·१७ व्होल्ट

नौकेवरील महत्त्वाच्या मंडलांत घट ३ टक्क्यांहून, म्हणजे १२ व्होल्टमध्ये ०·३६ व्होल्टहून अधिक नसावी, असा अमेरिकेतील नौकाबांधणीचा प्रमाण संकेत आहे. त्यानुसार वरील उदाहरणात किमान ६ चौ. मिमी. तार लागते. संचाबरोबर येणारी बारीक तार थोड्या अंतरासाठी असते. तीच लांबवून घटमालेपर्यंत नेणे हे अनेक तक्रारींचे मूळ असते. तार बहुपदरी व कथिलाचा मुलामा दिलेली असावी. साध्या तांब्याच्या तारेवर दमट हवेत, विशेषतः समुद्रावर, हिरवट गंज चढतो व आवरणाच्या आतून तो दूरवर पसरतो. टोके दाबून बसविलेल्या जोडखिळ्यांनी जोडून त्यांवर उष्णतेने आकसणारी, आतून चिकट द्रव्य असलेली नळी चढवितात. तारा दर थोड्या अंतरावर पक्क्या बांधतात, म्हणजे हादऱ्यांनी त्या तुटत नाहीत.

धन तारेत घटमालेच्या अगदी जवळ, सु. १८ सेंमी.च्या आत, वितळतार (फ्यूज) बसवितात. तिचे काम उपकरणाइतकेच तारेचे रक्षण करणे हे असते. मोठ्या घटमालेची अग्रे मंडलित (शॉर्ट) झाल्यास शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तार क्षणात लाल होते. पेट्रोलच्या टाकीजवळ याचा अर्थ आग हाच होतो. वितळतारेचे मूल्य निर्मात्याने सांगितलेले असावे व वारंवार वितळते म्हणून मोठी तार घालू नये. शिसे-अम्ल घटमालेतून भारणाच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून तिच्या कप्प्यात वायुवीजन ठेवतात. घटमाला पट्ट्याने घट्ट बांधून तिच्या अग्रांवर आवरण घालतात. ॲल्युमिनियमच्या नौकेत नौकेचे अंग हे ऋण तार म्हणून कधीही वापरत नाहीत. तसे केल्यास विद्युत् विच्छेदनाने धातू झिजून तळाला छिद्रे पडू शकतात.

विद्युत् गोंगाट व त्याचे निवारण : पडद्यावर तिरप्या रेघा, ठिपक्यांचा वर्षाव किंवा चलित्राच्या वेगाबरोबर बदलणारे पट्टे दिसले, तर ते पाण्यातून आलेले नसून विजेच्या मार्गाने आलेले असण्याची शक्यता असते. नाळेवरील चलित्राचा वेग प्रवाहाचे जलद तुकडे पाडून नियंत्रित करतात व या तुकड्यांतून विस्तृत कंप्रतांचा गोंगाट उत्पन्न होतो. पंप, स्वस्त भारक, एलईडी दिव्यांची मंडले व एंजिनाची प्रज्वलन यंत्रणा हे इतर उगम होत.

उगम शोधण्याची रीत सोपी आहे. प्रथम नौका स्थिर ठेवून, इतर सर्व साधने बंद करून केवळ सोनार स्वतंत्र घटमालेवर चालवितात. चित्र स्वच्छ असल्यास एकेक साधन सुरू करीत जातात. ज्याच्या बरोबर रेघा उमटतात ते दोषी ठरते. चलित्र निरनिराळ्या वेगांवर चालवून पाहतात. नंतर सोनाराच्या व चलित्राच्या तारा एकमेकींपासून दूर नेतात. त्यांना ओलांडणे भाग असेल तेथे काटकोनात ओलांडतात. वीजतारांवर फेराइटची कडी बसविल्याने उच्च कंप्रतेचा गोंगाट काही अंशी अडतो. धन व ऋण तारा परस्परांना पीळ देऊन नेल्यासही लाभ होतो. हे सर्व करूनही गोंगाट राहिल्यास दाब मोजतात. तो घटमालेवर न मोजता, संच चालू असताना संचाच्या अग्रांवर मोजणे महत्त्वाचे असते; रिकाम्या मंडलात खराब सांधाही पूर्ण दाब दाखवितो.

एकाच सरोवरात जवळजवळच्या नौकांवर समान कंप्रतेचे सोनार चालू असल्यास ते एकमेकांच्या पडद्यावर उमटतात. यावर कंप्रता वा स्पंदांचे अंतर बदलणे अथवा दूर जाणे, एवढाच उपाय असतो.

उपयोग, मर्यादा व वाद : तळापासून वर, मोकळ्या पाण्यात तरंगत राहणारे बॅस, क्रॅपी इ. मासे पूर्वी शोधणे कठीण असे. थेटदर्शी सोनाराने ते एकेकटे गाठता येतात. गोठलेल्या सरोवरांवर बर्फाला छिद्र पाडून केल्या जाणाऱ्या मासेमारीतही तो वापरतात. मात्र त्याचा उपयुक्त पल्ला काही दशक मीटरच असतो, दाट पाणवनस्पतींत चित्र गोंधळते आणि दिसलेला मासा आमिष घेईलच असे नसते.

या साधनामुळे कौशल्याची जागा यंत्राने घेतली काय, असा प्रश्न अमेरिकेतील स्पर्धांमध्ये तीव्रतेने पुढे आला. २०२५ च्या हंगामात नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीग या संघटनेने पुढे पाहणाऱ्या सोनारावर पूर्ण बंदी घातली, तर मेजर लीग फिशिंगच्या बॅस प्रो टूर स्पर्धेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात त्यास मुभा देण्यात आली. वादाला जीवशास्त्रीय बाजूही आहे. १० मी. खोलीवर दाब सु. दोन वातावरणे असतो. तेथून मासा झटकन वर ओढला की वाताशयातील वायूचे घनफळ जवळजवळ दुप्पट होते. त्याने आतील अवयव दाबले जातात, आतडे वा डोळे बाहेर येतात आणि पाण्यात परत सोडलेला मासाही बहुधा खाली जाऊ शकत नाही. ज्या वाताशयामुळे मासा पडद्यावर दिसतो, त्यामुळेच तो दगावतो. म्हणून खोल पाण्यातील मासा पकडून सोडून देण्याने त्याचे रक्षण झाले असे मानता येत नाही; सोनाराने खोली आधीच कळत असल्याने असा मासा न धरणे हाच खरा संयम ठरतो.

भारत : समुद्रावरील जाळ्यांच्या मासेमारीत जवळचा एकेक मासा पाहण्यापेक्षा दूरचा थवा व तळाची खोली कळणे महत्त्वाचे असल्याने कमी कंप्रतेचे साधे मत्स्यशोधकच अधिक उपयुक्त ठरतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ट्रॉलर व पर्ससीन नौकांवर असे संच वापरात आहेत. वीजपुरवठ्याचे वर सांगितलेले नियम त्यांनाही तंतोतंत लागू पडतात. या नौकांवर मत्स्यशोधकाबरोबर दिवे, पंप, बिनतारी संच व उपग्रहीय स्थाननिर्देशक यांचाही भार असतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौका संपर्क व साहाय्य प्रणालीच्या राष्ट्रव्यापी योजनेस प्रारंभ झाला. तिच्या अंतर्गत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांतील यांत्रिक व मोटर बसविलेल्या मासेमारी नौकांवर एक लाख प्रतिसादक (ट्रान्सपाँडर) टप्प्याटप्प्याने बसविण्याचे ठरले. संकटसमयी तांडेलाला किनाऱ्याशी जोडणारी अशी साधने व बिनतारी संच यांचे मंडल मत्स्यशोधकाच्या मंडलापासून वेगळे, स्वतंत्र वितळतार असलेले व शक्यतो वेगळ्या घटमालेवरचे असावे. मासे शोधताना वीज संपली तर एक दिवसाची मासळी बुडते. मदत मागावयाच्या वेळी ती संपली तर नौकेवरील माणसांचा ठावठिकाणा कळण्याचा मार्गच उरत नाही.